अनावश्यक बोलणं

त्या दोघी सख्ख्या बहिणी नव्हत्या, चुलत नव्हत्या, लांबच्याही नव्हत्या. ऑपरेशनच्या पेशंटांच्या वॉर्डात एक आधी नोकरीला लागली आणि दुसरी काही वर्षांनी, एवढाच संबंध. पण वॉर्डातल्या आयांनी पहिलीला थोरल्या सिस्टर आणि दुसरीला धाकट्या सिस्टर म्हणायला सुरुवात केली, मग डॉक्टरही तसंच म्हणू लागले, आणि पगाराच्या पावतीवरचं नाव वाचून त्यांनाच क्षणभर प्रश्न पडायचा, ही बाई कोण? गोष्ट धाकटीची आहे. ती शिकली, वर चढली, केबिनमध्ये बसली. आपल्याकडे अशा गोष्टी पेढे वाटल्याच्या सुरात सांगायची पद्धत आहे. ही तशी सांगता येणार नाही.

धाकटी वॉर्डात आली तेव्हा परीक्षेत पहिली आलेली होती आणि पेशंटने हाक मारली की तिला घाम फुटायचा. तिला तयार केलं थोरलीने, आणि तेही ओव्हरमध्ये. ओव्हर म्हणजे जाणाऱ्या पाळीच्या सिस्टरने येणाऱ्या पाळीच्या सिस्टरच्या हाती वॉर्ड सोपवणं. दोघींनी मिळून एकेका खाटेशी जायचं, फाईल उघडायची, काय दिलं, काय द्यायचं राहिलं ते सांगायचं. पुस्तकात ओव्हर एवढाच असतो. थोरलीचा ओव्हर फाईल मिटल्यावर सुरू व्हायचा.

"ह्या बाई रात्रभर झोपले म्हणतात ना, झोपलेल्या नाहीत. उशी बघ, खळगासुद्धा पडला नाहीये," ती पुढच्या खाटेकडे जाता जाता हळूच सांगायची. "ह्याचा मोठा मुलगा भेटायला आला की ह्याचं बीपी चढतं. आधी मुलगा येऊन गेला का विचार, मग गोळीचं बघ. आणि ह्या पोरीला सुई नकोय असं नाही, तिला तुझं घाईघाईने बोलणं नकोय."

धाकटी ऐकत गेली, आणि तीन-चार वर्षांत तिचाही ओव्हर थोरलीसारखा झाला. लोक घरचं माणूस भरती करताना विचारायचे, थोरल्या किंवा धाकट्या सिस्टर ड्युटीवर आहेत ना?

मग रुग्णालयाला व्यवस्थापनाची बाधा झाली. टाय लावलेला एक तरुण मॅनेजर आला. त्याने जन्मात कधी बेडपॅन उचललं नव्हतं, पण सिस्टरांनी पेशंटशी बोलताना किती दात दिसतील इतकं हसावं याचं त्याने प्रशिक्षण दिलं. चित्रांसकट. सकाळपासून उभ्या असलेल्या बायका खुर्च्यांवर बसून हसायला शिकल्या. बाहेर आल्यावर थोरली धाकटीला म्हणाली, "हे असंच चालणार बघ, जोवर आपल्यातलं कोणी वर बसत नाही तोवर. तू शीक."

"मी? काय शिकू?"

"तेच, हे टायवाले शिकतात ते. रुग्णालय व्यवस्थापन. शनिवार-रविवारची कॉलेजं असतात म्हणे. तुझं डोकं चालतं, पाठ अजून शाबूत आहे. माझे गुडघे गेलेत, नाहीतर मीच गेले असते."

घरी विषय निघाला तेव्हा नवऱ्याने जेवता जेवता फी ऐकली आणि त्याचा घास हातातच राहिला. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत त्याचा एक पाय ब्रेकवर असे. "फी भरायची, दोन वर्षं सुट्ट्या घालवायच्या, आणि पुढे पगार वाढेल ह्याची हमी कोण देतंय?" तो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं पेशंटांना टोचलंस. आता डॉक्टरांना टोचायला शिकणार का?" पण बोलल्या तरी नातवाला सांभाळायचं त्यांनीच कबूल केलं. नवऱ्यानेही कुरकुर करत कर्जाच्या कागदावर सही केली. फी कितीही असली तरी हप्त्यांनी फिटते. न फिटणारा खर्च वेगळाच होता, आणि तो थोरलीने उचलला.

कारण शनिवार-रविवारची सुट्टी सिस्टरला मिळते कुठे? दोन वर्षं धाकटीच्या शनिवार-रविवारच्या ड्युट्या थोरलीने केल्या. स्वतःची आठवड्याची सुट्टी त्यात गेली. तिची मुलगी तेव्हा बारावीत होती, नवरा मधुमेहाने बेजार होता, आणि ही बाई सुजलेल्या गुडघ्यांना पट्टे बांधून दुसरीच्या पाळ्या करत होती. धाकटी ओशाळून काही म्हणायला गेली की ती उडवून लावायची, "वर गेलीस की मला एक खुर्ची दे. वॉर्डात बसायला खुर्ची नाही, एवढं कर."

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. मार्गदर्शक सर म्हणाले, मोजता येईल असं काहीतरी घ्या. धाकटीला जे सगळ्यांत चांगलं येत होतं तेच तिला सुचलं. ती वही आणि घड्याळ घेऊन ओव्हर मोजायला उभी राहिली, आणि पहिला ओव्हर मोजला तो थोरलीचा. थोरलीने तर हौसेने मोजू दिला. तिची समजूत अशी, की सिस्टरांना किती काम पडतं हे एकदा कागदावर आलं की वरचे आणखी माणसं देतील. "नीट लिही हं," ती म्हणाली, "एक अक्षर सोडू नकोस."

धाकटीने एक अक्षर सोडलं नाही. फक्त सरांच्या सांगण्यावरून तिने बोलण्याचे दोन भाग केले. औषध, सलाईन, तपासण्या, नाडी, ताप हे आवश्यक बोलणं. उशीला खळगा नाही, मुलगा येऊन गेला, घाईघाईने बोलू नकोस हे अनावश्यक बोलणं. अर्ध्याहून जास्त ओव्हर अनावश्यक निघाला. असं लिहिताना तिचा हात अडखळला का? अडखळला. पण तक्ता इतका सुबक दिसत होता, आणि सरांनी वर्गासमोर तिची पाठ थोपटली, तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की आपण कोणीतरी आहोत. तिने शेवटी एक वाक्य घातलं होतं, की वाचलेला वेळ पेशंटजवळ घालवावा. रुग्णालयाच्या संचालकांनी अहवाल वाचला. ते वाक्य सोडून सगळं त्यांना पसंत पडलं.

धाकटीला बढती मिळाली. केबिन मिळाली, काचेची. पगार असा वाढला की नवऱ्याने ब्रेकवरचा पाय काढला आणि सासूबाई शेजारणीला "आमच्या सूनबाई मॅनेजर आहेत" असं सांगू लागल्या. आणि खाटेजवळचा ओव्हर बंद झाला. आता जाणाऱ्या सिस्टरने संगणकावर रकाने भरायचे, 'पाठवा' दाबायचं आणि निघायचं. येणारीने ते वाचायचं. दोघींनी भेटायची गरज नाही. वेळ वाचला, आणि वाचलेल्या वेळाच्या बदल्यात प्रत्येक पाळीतली एक सिस्टर कमी झाली. हे धाकटीने सुचवलं नव्हतं. तिने विरोधही केला नाही. तिने मनात म्हटलं, आधी जरा पाय रोवू दे, मग बोलू. वरच्या मजल्यावर पाय रोवायला आयुष्य पुरत नाही, हे तिला कोण सांगणार?

सिस्टरांना नवी पद्धत शिकवायचं काम तिच्याचकडे आलं. वेदना, ताप, नाडी, लघवी, जखम, आणि सगळ्यांत खाली 'इतर' असा एक मोकळा रकाना. तो तिनेच हट्टाने ठेवून घेतला होता. पण पहिल्याच महिन्यात सिस्टरा त्यात लिहीत बसल्या, पानंच्या पानं. अहवाल उशिरा जाऊ लागले, वरून विचारणा झाली. मग धाकटीने सगळ्यांना बोलावून घेतलं आणि तोंडी सांगितलं, "'इतर'मध्ये काही लिहायचं नाही. एकदा पाठवलेला अहवाल पुन्हा उघडायचा नाही, उघडला की तो उशिरा म्हणून लाल दिसतो. आणि लाल दिसला की मला उत्तर द्यावं लागतं. माझ्यासाठी एवढं कराच." लेखी तिने काही दिलं नाही. तेवढं व्यवस्थापन ती शिकली होती.

थोरली सगळ्यांत मागे उभी होती. ती म्हणाली, "तुझ्यासाठी म्हणतेस तर नाही लिहिणार."

पुढच्या हिवाळ्यात एक आजोबा भरती झाले, निवृत्त बस कंडक्टर, आतड्याचं ऑपरेशन. माणूस भलताच खडूस. चहा पाणचट आहे, पंखा वाजतो, सिस्टर उशिरा येते, उशिरा नाही आली तर लवकर का आली. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी थोरलीची दुपारची पाळी संपत आली. वेदना किती, असं तिने विचारलं, त्यांनी "अजिबात नाही" म्हटलं. तिने वेदनेच्या रकान्यात शून्य भरलं, ताप-नाडी भरली, 'पाठवा' दाबलं. पर्स घेऊन निघताना तिने सवयीने वॉर्डातून एक चक्कर मारली. आजोबा म्हणाले, "निघालात का सिस्टर? सांभाळून जा हं. घरी वाट बघत असतील. फार करता हो तुम्ही आमचं."

थोरली थबकली. हा माणूस गोड बोलला म्हणजे ह्याला काहीतरी होतंय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोटात कळ आली तेव्हाही त्यांनी असंच तिच्या मुलीबद्दल प्रेमाने विचारलं होतं. कळ गेल्यावर पुन्हा चहाला नावं ठेवली. पूर्वीचा ओव्हर असता तर तिने येणाऱ्या सिस्टरला खाटेशीच सांगितलं असतं, "आजोबा गोड बोलतायत, ह्यांच्यावरची नजर हलवू नकोस." आता येणारी सिस्टर एकटीच दोन वॉर्डांना पुरत होती आणि त्या वेळी शेजारच्या वॉर्डात अडकली होती. थोरली तिच्यासाठी थोडी थांबली. मग स्क्रीनकडे वळली, अहवाल उघडावा म्हणून. आणि तिने तो उघडला नाही. बसस्टॉपवरून तिने वॉर्डात फोन लावला, तोही कोणी उचलला नाही. तिने मनाची समजूत घातली, माणूसच आहे, बोलला असेल एखादेवेळी गोड.

आजोबांचे आतले टाके सुटले होते. पहाटेपर्यंत ते कोणालाही काही बोलले नाहीत. सकाळी त्यांना पुन्हा ऑपरेशनला नेलं, तिथून ते परत आले नाहीत.

त्यांच्या मुलाने तक्रार केली, आणि कोणाचा तरी बळी द्यायची वेळ आली. चौकशीला तिघे बसले: संचालक, कर्मचारी विभागाचे एक साहेब आणि धाकटी. बसण्याआधी संचालकांनी तिला बाजूला घेतलं. म्हणाले, "तुमची पद्धत आपण दुसऱ्या दोन रुग्णालयांत नेतोय. तिन्हीकडे प्रमुख तुम्ही. ह्या प्रकरणात पद्धतीला डाग लागता कामा नये, एवढं बघा." धाकटीला सगळं कळलं. पद्धतीत खोट निघाली तर केबिन गेली. माणसात खोट निघाली तर थोरली गेली. तिसरा रस्ता नव्हता.

थोरली आली आणि खुर्चीवर बसली. तिने काहीही लपवलं नाही. आजोबा गोड बोलले, मला शंका आली, मी लिहिलं नाही. साहेबांनी ते दोनदा विचारलं, कारण त्यांना त्यात कर्तव्यच्युतीचा वास आला होता. "म्हणजे तुम्हाला शंका होती, आणि तुम्ही नोंद केली नाही?"

"रकाना कुठला होता त्याला?" थोरली म्हणाली. "पेशंट गोड बोलतो, असा रकाना नाही."

"पण 'इतर' असा रकाना आहे ना?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, विनवणीही नव्हती. ती नुसती थांबली होती, वाक्य तू पूर्ण कर म्हणून. पुष्कळ ओव्हर त्या दोघींनी असेच दिले होते, एकीने सुरू करायचं आणि दुसरीने संपवायचं. साहेबही धाकटीकडे वळले. "मॅडम, 'इतर' रकाना कशासाठी ठेवलाय?"

मुलाची शाळा, घराचा हप्ता, सासूबाईंची शेजारीण, सगळं धाकटीच्या डोळ्यांपुढून गेलं. मग ती म्हणाली, "अशाच गोष्टींसाठी. तो रकाना मी स्वतः ठेवून घेतलाय."

शब्द न् शब्द खरा होता. थोरलीने मान खाली घातली. त्यावर तिने एक अक्षर काढलं नाही. 'इतर'मध्ये लिहू नका असं सांगितलं होतं, हे बाकीच्या सिस्टरांनाही ठाऊक होतं. पण त्यांना कोणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलावं, तर प्रत्येक पाळीतली एक अगोदरच कमी झालेली होती. आणखी एक कमी होणं कोणाला परवडणार? थोरलीचा राजीनामा घेतला गेला. निवृत्तीला तिची थोडीच वर्षं उरली होती.

धाकटी तिच्या घरी गेली नाही. जाऊ जाऊ म्हणत उन्हाळा आला. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "तू तरी काय करणार होतीस?" हे त्याने तिची बाजू घेऊन म्हटलं होतं. तिला ते सहन झालं नाही. ती उठून आत गेली आणि नळ सोडून रडली. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी केबिनमध्ये हजर होती.

आणि एका दुपारी थोरलीची मुलगी केबिनच्या दारात उभी राहिली. तीही आता सिस्टर झाली होती, दुसऱ्या एका रुग्णालयात. लहानपणी ती धाकटीच्या गळ्यात पडायची आणि "मावशी, तू" असं बोलायची. आज ती खुर्चीच्या टोकावर बसली.

"मावशी, तुमचा सल्ला हवा होता," ती म्हणाली. "तो व्यवस्थापनाचा कोर्स मी करू का? फी बरीच वाढलीये आता. आईला विचारलं तर ती म्हणाली, मला काय कळतंय, तिने केलाय, तिला विचार."

धाकटीला हायसं वाटलं. ह्या प्रश्नाचं उत्तर तिला पाठ होतं. तिने कागद ओढला आणि मुलीला समजावलं. फी किती, हप्ते कसे बसतात, पगार कधी वाढतो, अनुभव असलेल्या सिस्टरला टायवाल्यांपेक्षा किंमत जास्त कशी मिळते. "पैसे वसूल होतात," ती म्हणाली. "नक्की होतात. फायद्याचाच सौदा आहे."

"आणि सुट्ट्या? माझ्या शनिवार-रविवारच्या ड्युट्या करायला तिथे कोणी तयार नाही."

"बघावं लागतं काहीतरी," धाकटी म्हणाली, आणि कागदाची घडी घालत राहिली.

मुलगी उठली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "आईने आणखी एक विचारायला सांगितलं होतं. ते चौकशीचं. 'इतर'मध्ये लिहायचं नाही असं तुम्हीच सांगितलं होतं ना, ते त्या दिवशी तुमच्या लक्षातून गेलं होतं का? आई म्हणते, गेलंच असणार. इतक्या बैठका, इतकी माणसं, कुठे कुठे लक्ष ठेवणार ती. मी आणि बाबा तिच्याशी भांडतो ह्यावरून. ती ऐकत नाही."

धाकटीने कागदाची घडी आणखी एकदा घातली. खरं सांगायची ही शेवटची संधी आहे हे तिला स्पष्ट कळत होतं. खरं सांगितलं तर आता केबिनही जाणार नव्हती. फार तर ही मुलगी थुंकून निघून गेली असती.

"हो गं," ती म्हणाली. "विसरूनच गेले होते."

मुलीचा चेहरा एकदम सैल झाला. "बघा! मी आईला सांगते. तिला फार बरं वाटेल."

संध्याकाळी थोरलीचा फोन आला. कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज धाकटीच्या कानावर पडला, आणि तो पूर्वीसारखाच होता. "अगं वेडे, एवढ्यासाठी येणं टाकलंस होय?" ती म्हणाली. "मी घरात ठणकावून सांगत होते, धाकटी विसरली असेल. मुद्दाम नाही करणार ती. आता उगाच मनाला लावून घेऊ नकोस. आणि पाठ कशी आहे तुझी?"